ललिता पवारांच्या नावाने फिरणाऱ्या शापकथेचा समाचार

दिवंगत अभिनेत्री ललिता पवार यांच्यावरचा एक लांबलचक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर पुन्हा फिरू लागला आहे. त्याचा सारांश असा: घरच्या गरिबीमुळे नवव्या वर्षी चित्रपटात आलेली एक देखणी मुलगी नायिका म्हणून नुकती कुठे पाऊल टाकत होती, तोच १९४२ साली भगवान नावाच्या एका नवख्या नटाने चित्रीकरणात तिच्या खरोखरच थोबाडीत मारली. तिचा डोळा आणि चेहरा वाकडा झाला, तीन वर्षे ती अंथरुणाला खिळून होती, आणि उठली ती खाष्ट सासू होऊनच. मग जन्मभर, सातशे चित्रपटांत काम करत, तिने पडद्यावर सुनांना छळले, तिचे पाहून घरोघरच्या सासवा छळायला शिकल्या, तिला कधी कोणता सन्मान मिळाला नाही, रामायण मालिकेतल्या मंथरेने तिला विस्मृतीतून वर काढले, आणि शेवटी नियतीने हिशेब चुकता केला, म्हणजे पुण्यातल्या घरात ती एकटी मेली आणि कोणाला कळलेही नाही. सगळ्यात खाली, जोडलेल्या हातांच्या रांगेच्या आधी, तात्पर्य येते: ‘कर्म कोणालाच सोडत नाही.’

असे संदेश रोज येतात आणि आपण ते पुसून टाकतो. हा मी पुसला नाही, कारण तो माझ्या सासूबाईंपर्यंत पोहोचला. त्यांनी ऐंशी ओलांडली आहे, त्या नाशिकला एकट्या राहतात, आणि तसे राहणे त्यांनी स्वतः निवडलेले आहे. त्यांच्या भिशीच्या गटात हा मजकूर कोणीतरी टाकला, आणि त्यांनी मला फोनवर विचारले, “अगं, एकट्या बाईचं असंच व्हायचं असतं का?” पुढे बोलता बोलता असे कळले, की हा मजकूर वाचल्यापासून त्यांनी रात्री दाराला आतून कडी लावणे सोडले आहे, कारण उद्या काही झाले तर लोकांना दार फोडावे लागू नये. एका वृद्ध स्त्रीला रात्री दार उघडे ठेवायला लावणाऱ्या मजकुराला ‘बोधकथा’ म्हणून पुढे ढकलणाऱ्या मंडळींनी निदान त्यातले मुद्दे एकदा तपासायला हवे होते. ते काम त्यांनी केलेले नसल्यामुळे मला करावे लागत आहे.

गरिबीचा मुद्दा लगेच निकालात निघतो. ललिताबाईंचे माहेरचे नाव अंबा, आडनाव सगुण. जन्म १८ एप्रिल १९१६ रोजी येवल्याचा. येवला म्हणजे पैठणीचे गाव, आणि त्यांचे वडील रेशमी-सुती मालाच्या व्यापारातले खाऊनपिऊन सुखी गृहस्थ. पोटासाठी पडद्यावर ढकललेली अनाथ पोर ही संदेशलेखकाची गरज होती. ती वस्तुस्थिती नव्हे. ललिताबाई लहान वयात पुण्यात आर्यन फिल्म कंपनीच्या मूकपटांत काम करू लागल्या, एवढा भाग खरा आहे.

थपडेच्या प्रकरणात अर्धे सत्य आहे, आणि ते मान्य केलेच पाहिजे. ‘जंग-ए-आझादी’ या चित्रपटाच्या चित्रीकरणात मास्टर भगवान यांचा हात जोरात लागला, ललिताबाईंच्या चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली आणि डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली. ही हकीकत चित्रपटसृष्टीत सर्वांना ठाऊक होती आणि तो डोळा पुढच्या प्रत्येक चित्रपटात आपण पाहिलेला आहे. मात्र या एका खऱ्या घटनेभोवती संदेशाने जे रचले आहे, त्यातले जवळपास काहीही टिकत नाही.

‘नवखा नट’ हेच पाहा. भगवानदादा मूकपटांच्या काळापासून पडद्यावर होते आणि १९३८ सालच्या ‘बहादूर किसान’चे दिग्दर्शनही त्यांच्या नावावर आहे. म्हणजे १९४२ मध्ये ते या धंद्यात चांगले मुरलेले होते. दुसरीकडे ललिताबाई तेव्हा २६ वर्षांच्या होत्या आणि त्यांच्या कामाला १४ वर्षे होऊन गेली होती. पाऊल टाकू पाहणारी कळी आणि धसमुसळा पोरगा हे चित्र या दोघांपैकी कोणालाही लागू पडत नाही. दोन अनुभवी कलावंतांच्या कामात एक अपघात झाला आणि त्याची किंमत त्यांतल्या एकीला जन्मभर मोजावी लागली. हे पुरेसे वाईट आहे. त्याला नाटकी रंग फासण्याची आवश्यकता नाही. काही ठिकाणी तर या संदेशाला आणखी एक शेपूट जोडलेले आढळते, की ‘अलबेला’ या त्यांच्या चित्रपटाच्या यशानंतर भगवानदादांची जी घसरण झाली, ती या थपडेचे फळ होती. एका माणसाच्या चुकीच्या आर्थिक निर्णयांचा हिशेब दुसऱ्या बाईच्या डोळ्याशी जुळवण्याची ही हौस कोणत्या गणितात बसते, ते संदेशलेखकच जाणे.

आता तीन वर्षांचे अंथरूण. येथे वाद घालण्याचे कारणच नाही, कारण पुरावा पडद्यावर आहे. प्रभात फिल्म कंपनीचा ‘रामशास्त्री’ १९४४ साली प्रदर्शित झाला. गजानन जागीरदार त्यात न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे आहेत, आणि नारायणराव पेशव्याच्या खुनाच्या कटामागची आनंदीबाई आहेत ललिता पवार. ‘ध’चा ‘मा’ करणारी म्हणून जिची आख्यायिका महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळकरी पोराला पाठ आहे, ती आनंदीबाई. १९४२ मध्ये इजा आणि १९४४ मध्ये चित्रपट पडद्यावर, म्हणजे चित्रीकरण त्याही आधीचे. उपचार तीन वर्षे चालले असे सांगितले जाते आणि ते मी मान्यच करते. परंतु उपचार चालू असताना बाई घरी पडून नव्हत्या, तर प्रभातच्या एका मोठ्या चित्रपटात मराठी इतिहासातील सर्वांत अवघड स्त्रीव्यक्तिरेखांपैकी एक उभी करत होत्या. प्रभातसारखी कंपनी अशी भूमिका एखाद्या अभिनेत्रीला दयेपोटी देत नसते. शिवाय ही आनंदीबाई ‘सासू’ नाही. ती राजकारणात पडलेली, महत्त्वाकांक्षी आणि नवऱ्यापेक्षा पुढचे पाहणारी स्त्री आहे. ज्यांना संदेश पुढे पाठवायला वेळ मिळतो, त्यांनी ‘रामशास्त्री’ बघायला दोन-अडीच तास काढावेत, म्हणजे ‘थप्पड, अंथरूण, खाष्ट सासू’ या सोप्या शिडीची मधली पायरीच गायब आहे हे त्यांना दिसेल.

या शिडीची पहिली पायरीही तितकीच डळमळीत आहे. थपडेआधीची ललिता पवार म्हणजे केवळ एक सुंदर चेहरा, असे संदेश गृहीत धरतो. प्रत्यक्षात मूकपटांच्या अखेरच्या दिवसांत, १९३२ साली, ‘कैलास’ या चित्रपटाच्या निर्मितीत त्यांचा वाटा होता आणि त्यात त्यांनी कामही केले. त्याच दशकाच्या उत्तरार्धात टॉलस्टॉयच्या कादंबरीवर बेतलेला ‘दुनिया क्या है’ हा बोलपट त्यांनी काढला. १९३५ च्या ‘हिम्मत-ए-मर्दा’मध्ये त्या स्वतः गायल्या. भालजी पेंढारकरांचा ‘नेताजी पालकर’ १९३९ चा, आणि वि. स. खांडेकरांच्या कथेवरचा मास्टर विनायकांचा ‘अमृत’ १९४१ चा. दोन्हींत त्या आहेत. विशी ओलांडता ओलांडता पदराचे पैसे घालून टॉलस्टॉयला हात घालणारी ही बाई पुढे जे काही झाली, ते एका थपडेने झाली असे म्हणणे म्हणजे तिच्या बुद्धीचे श्रेय दुसऱ्याच्या तळहाताला देण्यासारखे आहे.

नायिकेच्या भूमिका त्यांच्या हातून गेल्या, हे खरे आहे, आणि त्यात डोळ्याचा वाटा नक्कीच होता. पण ज्यांच्या डोळ्याला काहीही झाले नव्हते त्यांचे काय झाले, हेही पाहावे. लीला चिटणीस १९४१ च्या ‘झूला’मध्ये अशोक कुमार यांच्या नायिका होत्या, आणि १९४८ च्या ‘शहीद’मध्ये दिलीप कुमार यांच्या आई. मध्ये कोणी थोबाडीत मारली नव्हती. मध्ये फक्त सात वर्षे गेली होती. दुर्गा खोटे यांचाही प्रवास पडद्यावरच्या राणीपासून आई आणि आजीपर्यंत असाच झाला. त्या काळच्या व्यवसायाने तिशीच्या आसपास नायिकेला आई करून टाकण्याची रीत पाडली होती, आणि तिला अपघाताची गरज लागत नसे. ललिताबाई १९५२ च्या ‘दाग’मध्ये दिलीप कुमार यांच्या आई झाल्या, तेव्हा प्रत्यक्षात त्या त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठ्या होत्या. संदेश ज्याला नियती म्हणतो, त्यातला मोठा भाग म्हणजे धंद्याचा रिवाज आहे.

‘त्यांच्यामुळे सासवा बिघडल्या’ हा मुद्दा ऐकायला गमतीदार वाटतो, पण तो खोटा आहे. सर्वांत बदनाम सासू म्हणून ज्या चित्रपटाचे नाव घेतले जाते, तो व्ही. शांताराम यांचा ‘दहेज’ १९५० चा. त्यात हुंड्यासाठी सुनेचा छळ आहे, जयश्रीबाई सून आहेत, पृथ्वीराज कपूर तिचे वडील आहेत, आणि हुंडा घेऊन बाप पोहोचतो तोवर मुलगी मरणाच्या दारात आहे. हा चित्रपट हुंड्याच्या विरोधात होता, आणि त्यातली सासू जितकी भयंकर तितके हुंड्यावरचे आरोपपत्र जळजळीत, असे त्याचे गणित होते. हुंडाबंदीचा कायदा यायला आणखी ११ वर्षे होती. प्रेक्षकांच्या मनात त्या प्रथेविषयी चीड उत्पन्न करण्याचे काम ज्या अभिनेत्रीने स्वतःवर शिव्याशाप ओढवून घेऊन केले, तिलाच छळाची शिक्षिका ठरवायचे असेल, तर न्यायालयात खुनाची साक्ष देणाऱ्यालाही खुनी म्हणावे लागेल.

आणि त्या केवळ सासूच होत्या का? हा संदेश लिहिणाऱ्याने ‘श्री ४२०’ पाहिलेला नसावा, कारण त्यातली केळी विकणारी गंगामाई विसरणे शक्य नाही. राज कपूरशी केळ्यांच्या भावावरून घासाघीस करणारी, आणि शहरात नव्याने आलेल्या त्या पोराला फुटपाथवरच्या आपल्या माणसांत सामावून घेणारी. ‘अनाडी’तली मिसेस डीसा ही घरमालकीण भाड्यासाठी तोंडाने तडातडा बोलते आणि राजवर पोटच्या पोरासारखी माया करते, भेसळीच्या औषधाने ती मरते तेव्हा चित्रपटाचा सारा विनोद एका क्षणात विझतो. ‘मेम-दीदी’मध्ये तर शीर्षकभूमिकाच त्यांची आहे. ‘आनंद’मधली कडक मेट्रन, जिचे आडनावही हृषिकेश मुखर्जींनी पुन्हा डीसाच ठेवले, आपल्या सर्वांच्या पाठ आहे, त्या चित्रपटात रमेश देव, सीमा देव आणि ललिता पवार हे तिघे एकत्र आहेत, ही मराठी घरांत अजून कौतुकाने सांगितली जाणारी गोष्ट.

मला स्वतःला ‘प्रोफेसर’मधली सीतादेवी सर्वांत महत्त्वाची वाटते. घरातल्या तरुण मुलींना धाकात ठेवणारी ही करडी बाई म्हाताऱ्या प्राध्यापकाचा वेश घेतलेल्या शम्मी कपूरच्या प्रेमात पडते. भूमिका अशी, की जरा तोल गेला तर प्रौढ स्त्रीची निव्वळ टवाळी व्हावी. ललिताबाईंनी ती हसवत ठेवूनही हास्यास्पद होऊ दिली नाही. इतकी वर्षे दाबून टाकलेले काहीतरी या बाईत उशिरा जागे होत आहे, आणि ते फसवणुकीवर उभे आहे हे आपल्याला माहीत आहे पण तिला नाही, याची टोचणी हसता हसता प्रेक्षकाला लागत राहते. आता लक्षात घ्या, गंगामाईचा, मिसेस डीसाचा, सीतादेवीचा आणि ‘दहेज’मधल्या सासूचा डावा डोळा एकच आहे. दुष्टपणा जर त्या डोळ्यात असता, तर तो या सगळ्यांत दिसला असता. एका भूमिकेत तोच डोळा कपटी वाटतो, दुसऱ्या भूमिकेत थकलेला, तिसऱ्या भूमिकेत मिस्कील. हा फरक शरीरातल्या दोषाने पडत नाही, तो अभिनयाने पडतो, आणि ‘वाकड्या डोळ्यामुळे खलनायिका झाली’ हे वाक्य त्यामुळे निरर्थक ठरते.

मरणाचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तो सगळ्यांत ओंगळ आहे. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात औंध येथे ललिताबाईंचे निधन झाले. त्या वेळी त्या घरात एकट्या होत्या आणि मृत्यू लगेच उघडकीस आला नाही, हे सर्वत्र सांगितले गेले आहे आणि ते मी नाकारत नाही. संदेश जे गाळतो ते असे, की त्यांचे पती राजप्रकाश गुप्ता त्या दिवसांत रुग्णालयात उपचार घेत होते, आणि मुंबईहून मुलाने केलेला फोन कोणी उचलला नाही तेव्हा शोध सुरू झाला. म्हणजे नवरा होता, मुलगा होता, फोनही होत होते. टाकून दिलेल्या म्हातारीची गोष्ट ही नव्हे. ८१ वर्षांची एक स्त्री, जोडीदार आजारी, मुलगा दुसऱ्या शहरात: हे चित्र आज पुण्या-नाशिकच्या कोणत्याही सोसायटीत दहा दारे वाजवली तर किमान एका दारामागे सापडेल. त्या दारामागच्या स्त्रीने कोणत्या सुनेला छळले होते, म्हणून तिच्यावर ही वेळ आली?

आणि पडद्यावरच्या पापाची शिक्षा आयुष्यात मिळते असे क्षणभर मानलेच, तर तो नियम सर्वांना लावून दाखवा. प्राण यांनी अनेक वर्षे खलनायक रंगवले, लोक मुलांची नावे ‘प्राण’ ठेवीनात असे कौतुकाने सांगितले जाते, आणि २०१३ साली दादासाहेब फाळके पुरस्कार स्वीकारून ते ९३ व्या वर्षी गेले. आपल्या निळूभाऊ फुल्यांचे घ्या. गावोगावच्या बायकांनी ज्यांना पडद्यावर पाहून बोटे मोडली, त्या निळूभाऊंबद्दल सगळे एकमुखाने सांगतात, की भूमिका खलनायकाच्या केल्या पण माणूस राष्ट्र सेवा दलाचा, साधा आणि सज्जन होता. हे अगदी योग्यच आहे. पण निळूभाऊंच्या बाबतीत ज्यांना नट आणि भूमिका वेगळ्या करता येतात, त्यांनाच ललिताबाईंच्या बाबतीत ते एकाएकी का जमत नाही? कर्माचा हा हिशेबनीस पुरुषांच्या खात्याकडे फिरकतही नाही, आणि बाईच्या खात्यावर मात्र गंगामाईची, मेम-दीदीची, मिसेस डीसाची जमा न लिहिता फक्त सासूचे कर्ज मांडून ठेवतो. परवीन बाबी यांचा २००५ साली त्यांच्या मुंबईतल्या घरात एकाकी मृत्यू झाला आणि तोही उशिरा कळला. त्यांनी तर कधी सासू रंगवली नव्हती. मग त्यांच्यासाठी वेगळे तात्पर्य तयार ठेवले आहे काय? मला भीती वाटते, की असेलही.

या मुद्द्यात हानी आहे ती ललिताबाईंची नव्हे, त्या आता या सगळ्याच्या पलीकडे आहेत. हानी आहे ती जिवंत असलेल्या एकट्या माणसांची. एकट्याने येणारे मरण ही शिक्षा आहे असे एकदा ठरले, की एकटे राहणारी वृद्ध व्यक्ती आपल्या एकटेपणाची लाज बाळगू लागते, शेजारणीला ‘रोज सकाळी एकदा हाक मारत जा’ असे सांगायला कचरते, आणि शेजारीही ‘त्यांचे त्यांच्या कर्माने’ म्हणून निश्चिंत होतात. औंधच्या त्या घटनेतून काही घ्यायचेच असेल, तर दाराची एक किल्ली शेजारी देऊन ठेवावी, दूधवाल्याला, कामवाल्या बाईंना आणि सोसायटीच्या पहारेकऱ्याला आपल्या माणसाचा फोन क्रमांक माहीत असावा, आणि फोन दिवसाच्या ठरलेल्या वेळी व्हावा. सासूबाईंच्या दाराला पुन्हा कडी लागली आहे आणि एक किल्ली समोरच्या घरात आहे. या व्यवस्थेत कर्मसिद्धान्ताची कोठेही अडचण झाली नाही.

उरलेले मुद्दे थोडक्यात. मंथरेने त्यांना विस्मृतीतून काढले, हे म्हणणे १९८७ साली दूरदर्शन पाहू लागलेल्या पिढीपुरते समजण्यासारखे आहे. त्या पिढीने त्यांना प्रथम तिथेच पाहिले असेल. परंतु १९८० सालच्या ‘सौ दिन सास के’मध्ये शीर्षकातली सासू त्याच होत्या, तेव्हा विस्मृतीला मधे जागा कुठे होती हा प्रश्नच आहे. सातशे चित्रपटांच्या आकड्याशी मला भांडायचे नाही. संदेशातला तो एकमेव आकडा त्यांच्या बाजूचा आहे. आणि ‘एकही सन्मान मिळाला नाही’ हे विधान तर दोन ओळींत संपते: ‘अनाडी’साठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला आणि १९६१ साली संगीत नाटक अकादमीनेही त्यांना गौरवले. फिल्मफेअरचा तो पुरस्कार कोणत्या सासूसाठी नव्हता, तर भाडेकरू पोराला लेक मानणाऱ्या मिसेस डीसासाठी होता.